जोडीदारांशिवाय, फक्त भावंडांनी मिळून युरोपात नदीवरची क्रूझ करावी का? भांडणं होतील का, आणि खर्च कुणी करायचा?

जरूर करा. मला विचाराल तर डॅन्यूब नदीवर, जर्मनीतल्या पासाउपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोन भाऊ, दोन बहिणी, वयं ५४ ते ६८. दोघं पुण्यात, एक बहीण नाशिकला, एक भाऊ न्यू जर्सीत. थोरल्या ताईंचे गुडघे दुखतात आणि न्यू जर्सीचा भाऊ सगळ्यांचे पैसे मीच भरतो म्हणतोय. मी, माझी ताई आणि दादा याच मार्गाने जाऊन आलो, तिघंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भावंडांच्या सहलीत खटके उडतात ते बारक्या निर्णयांवरून. आत्ता जेवायचं की तासाभराने, टॅक्सी करायची की चालायचं, हे हॉटेल कुणी ठरवलं होतं, बॅगा कोण उचलणार. असे प्रसंग आले की साठीचा माणूससुद्धा लहानपणच्या आपल्या जागेवर जाऊन बसतो. दादा हुकूम सोडतो, ताई गप्प होते, धाकट्याला कुणी विचारत नाही. बोटीवर यातलं बहुतेक सगळं परस्पर ठरलेलं असतं. बॅग एकदाच उघडायची, जेवण ठरल्या वेळी, आणि रात्री झोपलात की सकाळी पुढचं गाव. हुकूम सोडायला काही उरतच नाही. भावंडांसाठी नदीची बोट मला बस टूरपेक्षा कितीतरी बरी वाटते ती यासाठी.

दुसरं कारण गुडघ्यांचं. बोट गावाच्या काठालाच लागते, त्यामुळे ज्याला चालायचंय तो चालतो आणि ज्याला बसायचंय तो वरच्या डेकवर बसून तीच नदी, तेच गाव बघतो. ऑस्ट्रियातल्या ड्युर्नश्टाइन गावी टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत, ११९२ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड इथे कैदेत होता. मी आणि दादा वर चढलो. ताई खाली निळ्या मनोऱ्याच्या चर्चजवळ जर्दाळूचा केक खात बसली होती आणि आम्ही परत येईपर्यंत तिची एका ऑस्ट्रियन आजींशी ओळखही झाली होती. मेल्कचा मठ खडकावर उंच आहे, पण तिथे वरपर्यंत बस जाते. बऱ्याच कंपन्यांत हळू चालणाऱ्यांचा वेगळा गट असतो, बुकिंग करतानाच ताईंचं नाव त्यात घाला. जुन्या गावांतले रस्ते दगडी फरशांचे असतात, त्यावर बूट चांगलेच हवेत. आणि एक गोष्ट आधी विचारून घ्या: बोटीची लिफ्ट कुठपर्यंत जाते? बऱ्याच बोटींत ती सगळ्यात खालच्या मजल्यावर किंवा वरच्या उघड्या डेकवर जात नाही. ताईंची केबिन मधल्या मजल्यावर घ्या.

केबिनबद्दल. त्या लहानच असतात, साधारण दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट. नदीवर जागोजागी धरणं आहेत आणि बोट लॉकमधून, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट उचलणाऱ्या-उतरवणाऱ्या बंदिस्त हौदातून, खाली-वर होते. पासाउ ते बुडापेस्ट अशी अकरा लॉक लागतात. जर्मनीतल्या मेन नदीवरची आणि मेन-डॅन्यूब कालव्यावरची अरुंद लॉकही पार करता यावीत म्हणून बहुतेक बोटी जेमतेम साडेअकरा मीटर रुंद बांधतात, लांबी मात्र १३५ मीटरपर्यंत. तेव्हा पैसे मोजूनही ऐसपैस खोली क्वचितच मिळते. रात्री एकदा मला जाग आली तर खिडकीबाहेर वीतभर अंतरावर ओल्या काँक्रीटची भिंत सावकाश वर सरकत होती. बोट लॉकमध्ये उतरत होती. मी ताईला उठवलं आणि आम्ही दोघी अंधारात ती भिंत बघत बसलो.

तुम्ही चौघं आहात, म्हणजे दोन केबिनमध्ये सोय होते. पलंग वेगळे करून मिळतात, तसं लेखी कळवा. जोड्या ठरवताना कोण घोरतं आणि कोण पहाटे पाचला उठून दिवा लावतं, एवढंच बघा. आमच्यात दादाला एकट्याला केबिन घ्यावी लागली आणि एकट्या माणसाचा जादा आकार भरावा लागला. काही कंपन्या ठरावीक तारखांना तो माफ करतात.

आता पैसे. न्यू जर्सीच्या भावाचं मन मोठं आहे, पण त्याला सगळ्यांचं तिकीट काढू देऊ नका. ही गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते. एकाने सगळ्यांचे भरले की बाकीचे तिघं आठवडाभर पाहुणे होतात. 'मला आज कंटाळा आलाय, मी येत नाही' हे साधं वाक्य बोलायलासुद्धा जीभ अडखळते, आणि घरी परतल्यावर वहिनीच्या एखाद्या शब्दाने सगळा आनंद कडू होऊ शकतो. आमच्या दादानेही, तो बरीच वर्षं दुबईला आहे, हाच आग्रह धरला होता. ताई म्हणाली, 'माझ्या पेन्शनीत बसेल ती बोट घ्या, नाहीतर मी येत नाही.' मग ताईच्या हिशोबाने बोट ठरली आणि ज्याचं त्याने भरलं. दादाला व्हिएन्नातल्या संगीताच्या कार्यक्रमाची तिकिटं आणि सगळ्यांची टिप एवढं करू दिलं. त्याचंही मन राखलं गेलं. तुमच्याकडे ज्याचा खिसा सगळ्यात लहान आहे त्याला आधी आकडा विचारा, आणि तो फोनवर एकट्याला विचारा, ग्रुपवर नको.

पैशाइतकाच दुसरा विषय वाटणीचा. आईवडील गेल्यानंतरची भावंडं एकत्र आली की घर, शेत, लॉकर यांवर गाडी येतेच. एखादं हक्कसोडपत्र सहीचं राहिलं असेल तर ते जाण्याआधी उरका किंवा आल्यावर बघा. बोटीवर तो विषय निघता कामा नये. तिथे रागावून उठून जायला जागा नसते, रात्री परत त्याच टेबलावर समोरासमोर जेवायचं असतं. आम्ही निघण्याआधी हे तिघांनी कबूल केलं होतं आणि पाळलं.

जोडीदार नकोत का? त्यांच्याबरोबर दुसरी सहल करा, पण ही नको. पासाउला तीन नद्या मिळतात: डॅन्यूब, हिमनद्यांचं हिरवट पाणी आणणारी इन आणि काळपट इल्झ. टोकावर उभं राहिलं की तिन्ही रंग काही अंतर वेगवेगळे दिसतात. आम्ही मूळचे सांगलीचे. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम बघत वाढलेल्या तिघांना तिथून हलावंसंच वाटेना. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात, सगळ्यात वर १५०१ ची, तिच्याखाली २०१३ ची. दादाने हात उंच केला, तरी २०१३ ची खूण त्याच्या बोटांच्या कितीतरी वर होती. मग तो २००५ च्या आमच्या पुराबद्दल बोलायला लागला. आईची ट्रंक माळ्यावर कुणी चढवली, गव्हाची कोठी कशी गेली, बाबा शेजारच्यांच्या गच्चीवर रात्रभर रेडिओ धरून कसे बसले होते. रेडिओचं मला माहीतच नव्हतं, मी तेव्हा ठाण्यात होते. ताईकडे तिसराच तुकडा होता: आईने त्या रात्री तिला फोन करून फक्त 'जेवलीस का' एवढंच विचारलं होतं. आमच्या घरच्या माणसांनी या पुराची गोष्ट दहादा ऐकली आहे, ते सोबत असते तर आम्ही ती आवरती घेतली असती. तिथे आम्ही तासभर बोलत होतो.

जेवणात शाकाहारी पदार्थ रोज असतात, फक्त बुकिंगच्या वेळी कळवा आणि अंडं चालतं की नाही तेही स्पष्ट सांगा. चटणी-लोणचं घरून न्या.

काही कंपन्या न्यूरेम्बर्गहून सुरुवात करतात. त्या मार्गावर पासाउच्या अलीकडे, श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या पट्ट्यात धरण नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोट अडते आणि प्रवासी बसने पुढे नेतात. पासाउहून निघालात तर तो पट्टा टळतो. पुराची शक्यता मात्र कुठेही असते. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात डॅन्यूबवरची वाहतूकच थांबली होती. विमा घेताना सहल रद्द होण्याचं कलम वाचा. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ या देखण्या खोऱ्याचा पस्तीसेक किलोमीटरचा टप्पा दिवसाउजेडी आहे ना, हेही कार्यक्रमात तपासा. तो झोपेत गेला तर निम्मी सहल गेली.

या मार्गावरचे चारही देश (जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी) शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात आहेत, एका व्हिसात काम होतं. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज; मुक्काम सारखे असतील तर जिथून शिरणार त्या देशाकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. भाऊ अमेरिकन नागरिक असेल तर त्याला व्हिसा लागत नाही, ग्रीन कार्डवर असेल तर लागतो. बेलग्रेडपर्यंत जाणारी बोट घेतलीत तर सर्बिया शेंगेनबाहेर आहे, पुन्हा आत यायचं असेल तर मल्टिपल एन्ट्री मागा. आणि चौघांचे पासपोर्ट आजच काढून बघा: गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा.