हरलो ते आपणच

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा नुसतं, आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. २०२५ च्या मे महिन्यात प्लिमथच्या मैदानावर ९१ व्या मिनिटाला आपल्या लीड्स युनायटेडच्या मॅनोर सॉलोमनने गोल मारला आणि शिट्टी वाजायच्या आत तुझा मेसेज आला होता, ‘काका, आपण चॅम्पियन!’ या पत्रात मात्र ‘ते परत हरले’, ‘त्यांचा डिफेन्स’, ‘त्यांना शेवटची दहा मिनिटं झेपतच नाहीत’. सात वेळा ‘ते’. ‘आपण’ एकदाही नाही. पेन्सिलीने सातही ठिकाणी खूण केली आहे, भेटलीस की दाखवतो.

कुणीतरी तुला विचारलं, ‘एलंड रोडला, लीड्सच्या मैदानावर, कधी पाऊल तरी टाकलंयस का? मग आपण कसलं?’ आणि तुला उत्तर सुचलं नाही. म्हणून तू मला विचारतेस की हा क्लब सोडला तर चालेल का. चालेल की. कोण अडवणार आहे? लीड्समध्ये कुणाला पत्ताही लागणार नाही. पण मला विचारलंयस, तर माझं ऐकावं लागेल, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हरल्यावर ‘ते’ म्हणायचं नाही. जिंकल्यावर तोंडात जो शब्द होता तोच हरल्यावर राहिला पाहिजे. बाकी सगळं माफ. मॅच चुकली, खेळाडूंची नावं विसरलीस, ऑफसाइड समजला नाही, चालेल.

हिणवणाऱ्याला उत्तर आपल्या भाषेतच आहे खरं तर. इंग्रजीत सगळ्याला एकच ‘वी’. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’ म्हणायचा हक्क तिथल्या लोकांचा. आजोबांचा हात धरून जे मैदानात गेले, पावसात भिजत परत आले, ज्यांच्या पगारातून सीझन तिकिटाचे पैसे गेले, त्यांचा. तो आपण मागायचा नाही. ‘आपण’मध्ये ते असतात आणि मागे एका कोपऱ्यात तुझी-माझीही जागा असते. फुकट नसते मात्र.

मी कसा अडकलो ते तुला अर्धंच माहीत आहे. नोव्हेंबर २००० मध्ये लीड्सने लिव्हरपूलला ४-३ हरवलं, चारही गोल मार्क विडुकाचे. मी ती मॅच टीव्हीवर सहज लावली होती आणि संपेपर्यंत उभाच होतो. (तुझी पहिली मॅचही लिव्हरपूलशीच, २०२० ची, ॲनफिल्डवरची, आणि स्कोअरही ४-३, फक्त उलटा. माझी सुरुवात जिंकून झाली आणि तुझी हरून. तुझीच जास्त प्रामाणिक म्हणायची.) त्या मोसमात आपण चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या, सेमीफायनलपर्यंत गेलो. रिओ फर्डिनांडला १८० लाख पौंड देऊन आणलं होतं. मला वाटलं, मी किती हुशार, बरोबर क्लब निवडला!

पैसा उसना होता. पुढच्या वर्षी परत चॅम्पियन्स लीग खेळायला मिळणारच, असं धरून कर्ज काढलेलं. लीगमध्ये चौथे आलो, तिसऱ्या क्रमांकापेक्षा एक गुण कमी. तेव्हा पहिल्या तिघांनाच प्रवेश असे. एका गुणाने सगळं गेलं असं मी बरीच वर्षं सांगत असे. ते खरं नाही. ज्या घराचा पाया एका गुणावर असतो ते कधी ना कधी पडतंच. खेळाडू एकेक करून विकले गेले आणि मे २००४ मध्ये बोल्टनकडून ४-१ हरून आपण खाली, दुसऱ्या विभागात गेलो.

इथे मी ‘आपण’ लिहिलं आहे, पण त्या रात्री मी काय म्हणालो ते तुला कधी सांगितलेलं नाही. मित्राने विचारलं, ‘काय रे, तुझ्या लीड्सचं काय झालं?’ मी म्हणालो, ‘त्यांची वाटच लागली होती.’ त्यांची! साडेतीन वर्षं ‘आपण’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून हा शब्द इतक्या सहज निघाला की मलाच कळलं नाही. आणि मग तीन वर्षं मी दुसऱ्या एका क्लबच्या मॅचेस बघितल्या. त्याचं नाव सांगणार नाही, तू हसशील. जिंकणारा क्लब होता एवढं पुरे.

आता यावर मला जे म्हणायचंय तेही ऐक. तेव्हा दुसऱ्या विभागातली मॅच इतक्या लांब बघणार कुठे? माझी नोकरी नवीन होती, रात्रपाळी होती. ॲलन स्मिथ तर लीड्सचाच पोरगा, शेवटच्या घरच्या मॅचनंतर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि काही दिवसांत तो मँचेस्टर युनायटेडला गेला. तिथे जन्मलेला माणूस जातो, आणि मी इथे बसून निष्ठा दाखवायची? ही सगळी कारणं खरी आहेत. वीस वर्षं झाली, अजून मला ती तोंडपाठ आहेत. खरी कारणं इतकी पाठ करावी लागत नाहीत, असं तू म्हणशील. म्हण.

परत आलो तो २००७ मध्ये. क्लब दिवाळखोरीत गेला होता, इतिहासात पहिल्यांदाच तिसऱ्या विभागात पडला होता, आणि वर नवीन मोसम सुरू व्हायच्या आधीच १५ गुण कापले. उणे पंधरावरून सुरुवात! मी पेपरात ती गुणतालिका बघितली आणि काहीतरी हललं. दया नव्हती ती, चीड होती. पहिल्या सातही मॅचेस जिंकल्या आणि उणे पंधराचे सहा झाले. त्या सहा गुणांइतका आनंद मला नंतर कुठल्याच आकड्याने दिलेला नाही. वर्षाअखेर ७६ गुण झाले. ते १५ धरले असते तर दुसरे येऊन थेट वर गेलो असतो. त्याऐवजी प्लेऑफ, म्हणजे वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीचे सामने, मग वेम्ब्ली, आणि डॉनकास्टरकडून १-० हार. त्या रात्री मी मुद्दाम, एकटा असताना, मोठ्याने म्हटलं, ‘आपण हरलो.’ वेड्यासारखं वाटलं. पण म्हटलं.

त्या काळात मॅच म्हणजे काय होती सांगू? संगणकावर एक पान, त्यावर स्कोअर आणि मिनिट, आणि दर अर्ध्या मिनिटाला रिफ्रेश. पान अडकलं की गोल झाला असं वाटायचं. बहुतेक वेळा नेट गेलेलं असायचं. हिस्टन नावाच्या एका क्लबने, जो लीगमध्येसुद्धा नव्हता, २००८ मध्ये एफए कपात आपल्याला १-० हरवलं. ते मी असं अक्षरांत बघितलं. आणि ३ जानेवारी २०१० ला तिसऱ्या विभागातल्या आपण ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं, १९ व्या मिनिटाला जर्मेन बेकफर्ड. उरलेली एकाहत्तर मिनिटं कशी गेली ते विचारू नकोस. शेजारी आनंद वाटून घ्यायला कुणी नव्हतं. लांबच्या माणसाचं खरं दुखणं हेच आहे. हार एकट्याने सोसता येते गं, जिंकणं एकट्याने फार अवघड जातं. मी उठून खिडकी उघडली, बाहेर बघितलं आणि परत लावली.

म्हणून मला तुझ्यासारख्यांचा राग येतो. तुमच्याकडे सगळं आहे. दर शनिवारची मॅच हातातल्या पडद्यावर. तुला ठाऊक आहे का, ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच मॅच थेट दाखवायला बंदी आहे, लोकांनी जवळच्या मैदानात जावं म्हणून? तीन वाजताची मॅच लीड्समधल्या ज्या माणसाला तिकीट मिळालं नाही त्याला घरी बसून दिसत नाही, आणि तुला दिसते. आणि तू ७० व्या मिनिटाला बंद करून ‘ते परत हरले’ लिहितेस!

बरं, रागावत नाही. खरं सांगायचं ते वेगळंच आहे.

एप्रिल २०१९ मध्ये मी कामासाठी लंडनला गेलो होतो, हे तुला माहीत आहे. मैदानात का गेलो नाही असं तू लहानपणी विचारलं होतंस आणि मी म्हणालो होतो, तिकीट मिळालं नाही. तिकीट मिळालं होतं. तिथल्या ऑफिसात एक गृहस्थ होते, मूळचे लीड्सचे. माझ्या टेबलावर छोटा बिल्ला बघून ते उभेच राहिले. कधीपासून, त्यांनी विचारलं. २००० पासून, मी म्हणालो. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, ‘म्हणजे २००४ लाही होतात तुम्ही.’ मी म्हणालो, ‘हो तर.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, रविवारी ॲस्टन व्हिलाशी मॅच आहे, वडिलांची तब्येत बरी नाही, त्यांची सीट रिकामी आहे, चला. आगगाडीने सव्वादोन तास. मी म्हणालो, कामाचा अहवाल पूर्ण करायचाय. वडिलांची सीट, पोरी! २००४ ला, त्या चिखलातल्या प्रत्येक शनिवारी त्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं. तिथे मी ‘हो तर’ घेऊन कसा बसणार होतो?

ती मॅच हॉटेलच्या खोलीत बघितली. व्हिलाचा खेळाडू जमिनीवर पडलेला, सगळे थांबलेले, आणि आपण खेळत राहून गोल मारला. हाणामारीच झाली. मग आपल्या प्रशिक्षकाने, बिएल्साने, बाजूच्या रेषेवरून ओरडून सांगितलं, त्यांना एक गोल करू द्या. अकरा जण बाजूला उभे राहिले. खरं म्हणजे दहाच. पाँटस यान्सनला ते पटेना, तो अडवायला धावलाच. १-१. त्या बरोबरीने शेफिल्ड युनायटेडचं प्रमोशन पक्कं झालं आणि आपण प्लेऑफमध्ये डर्बीकडून हरलो. पुढे बिएल्सा आणि क्लबला त्या कृतीसाठी फिफाचं फेअर प्ले पारितोषिक मिळालं. लोक अजून वाद घालतात की बिएल्सा बरोबर की यान्सन. मला दोघंही बरोबर वाटतात, त्याला मी काय करू.

२०२० मध्ये सोळा वर्षांनी प्रमोशन मिळालं तेव्हा आपण खेळतही नव्हतो. वेस्ट ब्रॉम हडर्सफिल्डला हरलं आणि झालं. मैदानं बंद होती, लीड्सच्या माणसानेही ते पडद्यावरच बघितलं. मला कुठेतरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या एका दिवशी सगळेच लांबचे होते. मग मैदानाबाहेर जमलेल्या गर्दीचे फोटो आले आणि माझं समाधान संपलं. मी त्या गृहस्थांना मेल पाठवला, चार शब्दांचा. त्यांचं उत्तर आलं, ‘डॅडना बघायला मिळायला हवं होतं.’ त्यावर काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाबद्दल. मैदानात गेलीस की नाही, याने तुझं ‘आपण’ खरं-खोटं ठरत नाही. माझं खोटं ठरलं ते बोल्टनच्या रात्री, घरात बसून, एका शब्दाने. त्यानंतर २०२२ ला ब्रेंटफर्डवर ९४ व्या मिनिटाला जॅक हॅरिसनने खाली जाण्यापासून वाचवलं, २०२३ ला घरच्या मैदानावर टॉटनहॅमकडून ४-१ हरून परत खाली गेलो, २०२४ ला ९० गुण मिळवूनही तिसरे येऊन वेम्ब्लीवर साउथॅम्प्टनकडून हरलो. प्रत्येक वेळी ‘आपण’च म्हटलं. हा हट्टीपणा आहे, तत्त्व वगैरे नाही, असं तुझी काकू म्हणते. ती तीन वर्षं भरून काढायला चाललंय सगळं, असंही म्हणते. असेल.

क्लब सोडायचा असेल तर सोड, पण मग जिंकल्यावर माझ्या दारात येऊ नकोस. येशील, आणि मी दार उघडीनही, ते सोड.

त्या गृहस्थांनी नंतर व्हिलाच्या मॅचचं छापील प्रोग्रॅम मला पोस्टाने पाठवलं. पाकिटावर माझं नाव आणि खाली लिहिलेलं, ‘पुढच्या वेळी’. मी ते अजून उघडलेलं नाही. तुला द्यावं असं हे पत्र लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं, पण आता देववत नाही. तू तिकडे शिकायला जायचं म्हणतेस ना? गेलीस तर घेऊन जा, आणि त्यांना २००४ चं काय ते सांगून टाक. मला जमणार नाही.

तुझा,
काका