पोस्टडॉकचं चौथं वर्ष आणि घरचे विचारतात पर्मनंट कधी

बॉस्टनहून एका मैत्रिणीचा प्रश्न आलाय. माहेर नौपाड्यात, सासर ऐरोलीला. नवरा ३६ वर्षांचा, बायोलॉजीत पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचा तात्पुरता संशोधक, अमेरिकेत संशोधनासाठी मिळणाऱ्या जे-वन व्हिसाचं चौथं वर्ष संपत आलंय. ती स्वतः जे-टूवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, वर्क परमिट काढून नोकरी करते, मुलगी पहिलीत. सासरे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, अजून पर्मनंट झाला नाही का, आणि नवरा म्हणतो, हा एक पेपर येऊ दे मग बघू. ताई, थांबायचं की परत यायचं?

अगं, थांबायचं की यायचं ते नंतर ठरवू, आधी ते "पेपर येऊ दे मग बघू" बंद करा. पेपर कधी येणार ते रिव्ह्यूअरच्या हातात असतं, तुमच्या तारखा त्यासाठी थांबत नाहीत. जे-वनच्या रिसर्च स्कॉलर प्रकारात जास्तीत जास्त ५ वर्षं मिळतात आणि नंतर त्याच प्रकारात परत जायचं तर २४ महिने थांबावं लागतं. म्हणजे हातात जेमतेम वर्ष. त्यात तिकडची प्रोफेसरची भरती म्हणजे साधारण ऑगस्ट ते डिसेंबर अर्ज, मग इंटरव्ह्यू, आणि जॉइनिंग पुढच्या उन्हाळ्यानंतर, त्यामुळे एक सीझन हुकला तर पुढच्या सीझनला व्हिसाच उरत नाही.

सासऱ्यांवर चिडू नकोस. त्यांना कोणी सांगितलंच नाहीये की पोस्टडॉक म्हणजे वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, पीआयची, म्हणजे लॅबच्या प्रमुखाची, ग्रँट संपली की तेही संपलं. एनआयएचने, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने, २०२४ साठी ठरवलेला सुरुवातीचा स्टायपेंड वर्षाला ६१,००८ डॉलर होता आणि त्यातून बॉस्टनचं भाडं, हे ऐरोलीत बसून कसं कळणार त्यांना? एनआयएचच्याच सल्लागार गटाने डिसेंबर २०२३ मध्ये म्हटलं होतं की किमान ७०,००० द्या आणि पोस्टडॉक ५ वर्षांच्या वर नेऊ नका. तुझा नवरा कुठे कमी पडला म्हणून अडकलाय असं नाही, पोस्टडॉक भरपूर आणि प्रोफेसरच्या जागा मोजक्या, हे घरच्यांना स्वच्छ सांगा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुझ्या नोकरीची, तू पत्रात एकच ओळ लिहिलीयस त्यावर. युनिव्हर्सिटीला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी लॉटरीत उतरावं लागत नाही, म्हणून पीआय म्हणेल एच-वन-बी करून देतो, आणि सगळे खूश होतील. पण तू मग एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर जाशील आणि एच-फोरवर सरसकट काम करता येत नाही! नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डच्या वाटेवरचा अर्ज, मंजूर असेल तरच परमिट मिळतं. संशोधकांना नॅशनल इंटरेस्ट वेव्हरमधून, म्हणजे काम देशहिताचं म्हणून मिळणाऱ्या सवलतीतून, आय-१४० स्वतःहून भरता येतं, मालक लागत नाही. ग्रीनकार्डची भारतीयांची रांग लांब आहे हे खरं, पण तुझं परमिट मंजुरीवर मिळतं, रांग संपायची वाट बघावी लागत नाही. फक्त ते भरल्यावर जे-वनचा स्टॅम्प घ्यायला भारतात यायचं असेल तर आधी वकिलाशी बोला, तिथे अडचण येऊ शकते. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून होणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लागलंय, तेव्हा तिकडे राहूनच स्टेटस बदलता येतं का ते इंटरनॅशनल ऑफिसला विचार. आणि एक चांगली गोष्ट, जे-वननंतर दोन वर्षं मायदेशी राहायची जी अट असते, ती कुठल्या देशांतल्या कुठल्या कौशल्यांना लागते त्या स्किल लिस्टमधून डिसेंबर २०२४ मध्ये भारत बाहेर निघालाय, तरी सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अट अजून लागते, त्यामुळे आपलं काय ते नीट तपासा.

परत यायचं म्हणशील तर इथेही वयाची घड्याळं आहेत. इन्स्पायर फॅकल्टी या सरकारी फेलोशिपची ३२ ची वयोमर्यादा त्याने ओलांडलीय. रामानुजन फेलोशिपला ४० पर्यंत चालतं, ५ वर्षांची असते, पण ती म्हणजे पर्मनंट पोस्ट नाही हे सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर परत तोच रविवार. बऱ्याच आयआयटींच्या जाहिरातीत असिस्टंट प्रोफेसरला शक्यतो ३५ च्या आत असं लिहिलेलं असतं, शक्यतो म्हणजे दार बंद नाही, पण उशीर नको. घराजवळचं म्हणशील तर खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, महापेला ग्लेनमार्कचं रिसर्च सेंटर, रबाळेला रिलायन्स लाइफ सायन्सेस. कंपनीत जाणं म्हणजे हरणं असं त्याच्या लॅबमधल्या लोकांनी डोक्यात भरवलं असेल तर ते काढायलाच हवं, औषध बनवणं हेही विज्ञानच आहे गं. पण कंपनीचा सीव्ही वेगळा लागतो, पेपरची यादी मागे, कुठलं तंत्र स्वतः उभं केलं आणि किती जणांना शिकवलं ते पुढे.

तर या शनिवारी मुलगी झोपल्यावर दोघं बसा, कागदावर त्याच्या जे-वनच्या फॉर्मची, म्हणजे डीएस-२०१९ ची, शेवटची तारीख, त्याचा चाळिसावा वाढदिवस आणि तुझ्या परमिटची तारीख लिहा. तिकडचे प्रोफेसरचे अर्ज, इथले फेलोशिपचे अर्ज आणि कंपन्या, तिन्हीकडे या एकाच सीझनमध्ये अर्ज जाऊ द्या, एकामागून एक नको. ऐरोलीचा फोन मात्र त्याने करायचा, सुनेने नाही, बाबांना मुलाच्या तोंडून ऐकू दे. आणि तुझ्या परमिटचं रिन्यूअल आजच बघ, त्याला महिने लागतात.