जगात कुठेही संवाद साधता यावा म्हणून किती आणि कोणत्या भाषा शिकाव्यात?

प्रश्नासोबत तुम्ही दिलेली योजना मी नीट वाचली. तुमचे वय २४ आहे, मराठी, हिंदी आणि इंग्रजी येते, आणि पुढच्या दहा वर्षांत चिनी, अरबी, जपानी, कोरियन, रशियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, स्वाहिली व इंडोनेशियन अशा बारा भाषा शिकून जगात कुठेही गेलात तरी अडू नये, असा तुमचा संकल्प आहे. मी भाषातज्ज्ञ नाही. मी रत्नागिरीकडचा, व्यापारी जहाजांवर इंजिनीअर म्हणून २६ वर्षे नोकरी केली आणि त्या काळात चार परक्या भाषांच्या मागे लागलो. त्यांपैकी पोर्तुगीज आणि इंडोनेशियन टिकल्या, स्वाहिली अर्धवट राहिली आणि रशियन पुरती गंजली. हे उत्तर त्या अनुभवावर आधारलेले आहे.

आधी तासांचा हिशेब करू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे आणि कोणत्या भाषेला किती वेळ लागतो याचे तिचे कोष्टक प्रसिद्ध आहे. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज या भाषांत कामकाज करण्याइतकी गती यायला तिथे वर्गातले ६०० ते ७५० तास धरतात. इंडोनेशियन आणि स्वाहिलीसाठी सुमारे ९००, रशियनसाठी ११००, आणि अरबी, चिनी, जपानी व कोरियन यांच्यासाठी प्रत्येकी २२००. तुमच्या यादीची बेरीज १५,००० तासांच्या आसपास जाते. म्हणजे दहा वर्षे, एकही दिवस न चुकता, रोज चार तास. शिवाय हे तास अशा लोकांसाठी धरलेले आहेत ज्यांना शिकण्यासाठीच पगार मिळतो आणि ज्यांचा घरचा अभ्यास यात मोजलेला नाही. ते कोष्टक इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचे आहे, त्यामुळे मराठी माणसाला त्यात काही ठिकाणी सूट मिळते. त्याकडे पुढे येतो.

मात्र तुमच्या योजनेतली खरी गफलत या बेरजेत नाही. जहाजावर एक गोष्ट फार लवकर कळते, ती ही की पंप बसवायला दोन दिवस लागतात आणि तो चालता ठेवायला पुढची वीस वर्षे. भाषेचेही तेच आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे, शिकलेली भाषा बोलती राहावी असे वाटत असेल तर तिला आठवड्याला किमान दोन तास द्यावे लागतात, आणि तेही शक्यतो माणसाशी बोलण्यात, नुसत्या वाचनात नव्हे. बारा भाषांचे आठवड्याला २४ तास झाले. रोजचे जवळजवळ साडेतीन तास, आणि हे शिकून झाल्यानंतर, जन्मभर. रशियन मी पुण्यात वर्षभर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मन लावून शिकलो होतो. त्यानंतर मला मिळालेल्या जहाजांवर रशियन बोलणारा एकही अधिकारी नव्हता. आज मला रशियन पाटी खड्या आवाजात वाचता येते आणि वाचून झाल्यावर तिचा अर्थ दुसऱ्या कोणाला तरी विचारावा लागतो.

म्हणून ‘किती भाषा शिकता येतील’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘किती भाषा मी जिवंत ठेवू शकेन आणि कोणाच्या सोबतीने’ असा प्रश्न स्वतःला विचारावा, असे मी सुचवीन. इटलीतील बोलोन्या शहरात कार्डिनल मेझोफांती (१७७४–१८४९) नावाचे धर्मगुरू होऊन गेले. त्यांना तीसहून अधिक भाषा येत असत, अशी त्यांची ख्याती होती. गंमत म्हणजे जग फिरण्याशी त्यांचा फारसा संबंध आला नाही. युद्धात जखमी होऊन बोलोन्याच्या रुग्णालयात आलेल्या परदेशी सैनिकांच्या खाटांपाशी बसून ते भाषा शिकले, कारण मरणाच्या दारातल्या माणसाचे बोलणे त्याच्या भाषेत ऐकून घेणे हे त्यांचे काम होते. आपल्याकडे विनोबांनीही कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबीचा अभ्यास केला आणि वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या भाषा शिकून घेतल्या. दोघांनाही भाषेच्या आधी माणसे किंवा ग्रंथ समोर होते. तुमच्या योजनेत मला नकाशा दिसतो, पण त्यात माणसे दिसत नाहीत.

आता ‘संवाद’ म्हणजे नेमके काय, हे ठरवू. एका जहाजावर फिलिपिनो खलाशी, युक्रेनियन मुख्य अभियंता, भारतीय कप्तान आणि बंदरातला ब्राझिलियन वाटाड्या असे लोक एकत्र काम करतात, आणि चुकीच्या ऐकण्याने माणसे मरू शकतात. यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये समुद्रावरच्या प्रमाण इंग्रजी वाक्यांचा एक संच स्वीकारला. त्यात शब्द मोजके आणि वाक्यांचे साचे ठरलेले आहेत. पुढे येणारे वाक्य प्रश्न आहे, सूचना आहे, इशारा आहे की विनंती आहे, हे आधी एका शब्दात सांगता येते. दिशा सांगताना आकडे सुटे उच्चारतात. ‘एकशे पन्नास’ म्हणायचे नाही, ‘एक-पाच-शून्य’ म्हणायचे. आज्ञा ऐकणाऱ्याने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. सांगायचा मुद्दा असा की दोन्ही बाजूंनी शिस्त पाळली तर फार थोड्या भाषेत फार मोठे काम निभावते. मी प्रत्येक नव्या बंदरासाठी वहीत शंभर-दीडशे वाक्ये लिहून पाठ करत असे: हे कितीला, डॉक्टर कुठे, मी मांस खात नाही, पुन्हा हळू सांगा, मला समजले ते असे. यांपैकी शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी, कारण ऐकलेले आपण उलट म्हणून दाखवले की समोरचा चूक लगेच सुधारतो. दहा दिवसांच्या मुक्कामाला एवढे पुरते, आणि राहिलेल्यासाठी आता मोबाइलवरचे भाषांतर आहेच. याला भाषा येणे म्हणत नाहीत, हे मला मान्य आहे. पण तुमच्या बारापैकी निदान सहा भाषांची गरज एवढ्यावर भागेल, असा माझा अंदाज आहे.

ज्या भाषा खऱ्या अर्थाने शिकायच्या, त्या निवडताना मी एक कसोटी लावतो, जी मला पुस्तकांत फारशी दिसलेली नाही: त्या भाषेचे बहुतेक बोलणारे स्वतः ती शिकून बोलतात का? ज्या भाषेत बहुतेकांची मातृभाषा वेगळी असते, तिथे नवख्याच्या चुका कोणी मोजत नाही. इंडोनेशिया हे याचे उत्तम उदाहरण आहे. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तिथल्या तरुणांच्या परिषदेने एक देश, एक राष्ट्र, एक भाषा अशी शपथ घेतली, तेव्हा सर्वांत जास्त लोकांची मातृभाषा जावानीज होती; तरीही त्यांनी मलायवर आधारलेली भाषा निवडली, कारण ती शतकानुशतके बंदरांची आणि बाजाराची भाषा होती आणि कोणा एका मोठ्या समाजाची मिरास नव्हती. पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीचेही असेच आहे. टांझानिया आणि केनियात ती बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरची भाषा दुसरीच असते.

या दोन भाषांच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला आणखी एक फायदा आहे, आणि तो मला केनियातल्या मोंबासाच्या धक्क्यावर कळला. तिथे कप्तानाला ‘नाहोधा’ म्हणतात. इंडोनेशियातल्या सुराबायाला गेलो तर तिथे ‘नाखोदा’. आमच्या गावचा नाखवा त्याच फारसी नाखुदाचा वंशज. सुकाणूला स्वाहिलीत ‘उसुकानी’, आणि दोन्हींच्या मुळाशी अरबी ‘सुक्कान’. मोसम हा शब्द इंडोनेशियात ‘मुसिम’ आणि स्वाहिलीत ‘म्सिमू’ होऊन बसला आहे, कारण त्याच वाऱ्यांवर ही सगळी गलबते ये-जा करत होती. पुढे स्वाहिलीत ‘दुका’ म्हणजे दुकान आणि ‘गारी’ म्हणजे गाडी भेटते. इंडोनेशियनमध्ये ‘बहासा’ म्हणजे भाषा, ‘सुआमी’ म्हणजे नवरा आणि ‘इस्त्री’ म्हणजे बायको. कधी फजितीही होते: इंडोनेशियात दुधाला ‘सुसू’ म्हणतात, आणि चहात ते हवे का असे पहिल्यांदा विचारले गेले तेव्हा मला गंभीर चेहरा ठेवणे जमले नाही. स्वाहिलीत मात्र नामांचे वर्ग आहेत आणि ते डोके खातात. ‘किताब’पासून आलेल्या ‘किताबु’चे अनेकवचन ‘विताबु’ होते, कारण त्या भाषेने ‘कि’ला आपलाच उपसर्ग मानून टाकले. मी तिथेच अडकलो.

मराठीमुळे मिळणारी सूट ती हीच, आणि ती शब्दांपुरती नाही. इंडोनेशियनमध्ये ‘आपण’साठी ‘किता’ आणि ‘आम्ही’साठी ‘कामी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागतो, आपल्याला तो जन्मजात येतो. तीन लिंगे असल्यामुळे जर्मन आणि रशियन भाषांतला नपुंसकलिंगाचा बाऊ वाटत नाही. ‘चूल’ आणि ‘चार’ यांतले दोन ‘च’ वेगळे उच्चारणाऱ्याला ‘त्सुनामी’ म्हणताना अडखळावे लागत नाही. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि आपण नामाला ‘ला’, ‘चा’ जोडतो तसे तिथेही नामामागून प्रत्ययासारखे शब्द येतात. त्यांच्या अक्षरांचा क्रमसुद्धा आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर, का-की-कु-के-को असा चालतो. अर्थात पुढे नेहमीच्या वापरातली २,१३६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेली चिन्हे उभी असतात, आणि तिथे मराठीची काहीच मदत होत नाही.

पोर्तुगीज मी ब्राझीलमधल्या सांतोस बंदरामुळे शिकलो. पहिल्या दिवशी एका कचेरीच्या दारावर ‘पुशे’ असे वाचून मी ते ढकलत राहिलो. त्या शब्दाचा अर्थ ‘ओढा’ असा आहे. पण बटाटा, पाव, पगार, चावी, बालदी, घमेले, लिलाव हे शब्द ज्या भाषेतून आपल्याकडे आले ती भाषा फार काळ परकी राहत नाही. आमचे जुने डेकवरचे लोक दोर सोडताना ‘आरिया’ अशी हाक देत, तीही पोर्तुगीजच. तरीही तुमचा हेतू जास्तीत जास्त देशांत बोलता यावे असा असेल, तर मी पोर्तुगीजऐवजी स्पॅनिश सुचवीन. मेक्सिकोपासून अर्जेंटिना-चिलीपर्यंत ती चालते, उच्चार स्वच्छ आहेत, आणि स्पॅनिश बोलणाऱ्याचे म्हणणे ब्राझीलमध्ये बऱ्यापैकी समजून घेतात. उलट दिशेने तेवढे होत नाही. ब्राझिलियन माणसाचे बोलणे समजायला स्पॅनिश भाषकाला जड जाते. दोन्ही एकाच वेळी शिकू नका, खिचडी होते. इटालियन यादीतून काढून टाकायला मला क्षणभरही विचार करावा लागणार नाही.

अरबीबद्दल सावध करतो. संयुक्त राष्ट्रांनी १९७३ मध्ये तिला अधिकृत भाषांत घेतले, पण पुस्तकांत आणि बातम्यांत असलेली अरबी घरात कोणी बोलत नाही, आणि मोरोक्कोच्या माणसाचे घरगुती बोलणे इराकी माणसाला सहज कळत नाही. तेव्हा २२०० तास देऊनही कैरोची की कासाब्लांकाची हा प्रश्न राहतोच. आखाती देशांत तर दुकानात, टॅक्सीत, बांधकामावर तुमची हिंदी आजच चालते. चिनी भाषेचे बोलणारे अफाट आहेत, पण ते मुख्यतः एकाच देशात आहेत. त्या देशाशी काम किंवा प्रेम असेल तरच शिका. फ्रेंचचा विचार पॅरिससाठी करण्यापेक्षा सेनेगल, कोत द’इव्हुआर, काँगो यांच्यासाठी करा, आणि रशियनचा मध्य आशियासाठी. जर्मनी आणि कोरियात नोकरी किंवा शिक्षण असेल तर तिथली भाषा लागेलच. फिरण्यासाठी दीडशे वाक्यांची वही पुरे.

इतके सगळे लक्षात घेता माझा आकडा तीन आहे: इंडोनेशियन, स्पॅनिश, आणि तिसरी तुमच्या कामाच्या ओघाने ठरेल ती. या तिन्ही भाषा मराठी, हिंदी, इंग्रजीसोबत नोकरी-संसार सांभाळून बोलत्या ठेवता येतात.

सुरुवात इंडोनेशियनने करावी. लिपी रोमन आहे, क्रियापदाला काळाची रूपे नाहीत, लिंगभेद नाही, आणि अनेकवचन करायचे तर शब्द दोनदा म्हटला की झाले, ‘बुकू’चे ‘बुकू-बुकू’. रोज एक तास दिलात तर सहा महिन्यांत साध्या गप्पा सुरू होतील. त्या सहा महिन्यांत आठवड्याला दोन वेळा बोलायला एखादा इंडोनेशियन माणूस शोधून ठेवा. आमच्यासारख्यांना तो जहाजावर मिळत असे, तुम्हाला व्हिडिओ कॉलवर मिळेल. असा माणूस मिळाला नाही, किंवा मिळूनही दर आठवड्याला भेट टळू लागली, तर दुसरी भाषा हाती घेण्याआधी त्याचे कारण शोधा. माझी रशियन तिथेच संपली होती.