उंच पेल्यातले ताक जास्त कसे?

पत्र : आम्ही बडोद्यात दांडिया बाजार परिसरात एकत्र कुटुंबात राहतो. माझा मुलगा पावणेसहा वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सीनिअर के.जी.त आहे. तो शंभरपर्यंत अंक न चुकता म्हणतो. परंतु जेवताना ताईच्या उंच पेल्यात आपल्या वाटीपेक्षा जास्त ताक आहे असे म्हणून रडतो आणि समोर ओतून दाखवले तरी मान्य करत नाही. रात्री स्कूटरवरून येताना चंद्र आपल्याबरोबर चालतो, असे ठासून सांगतो. ‘कन्सेप्ट कच्चे आहेत’ असे शाळेतील बाईंनी कळवले आहे. नणंदबाईंचा त्याच वयाचा मुलगा दोन अंकी वजाबाकी करतो, म्हणून त्या अबॅकसच्या क्लासचा आग्रह धरत आहेत. परवा ताकावरूनच मी त्याला चापट मारली. माझा मुलगा मागे पडला आहे का?
— एक आई

उत्तर : तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून तुमचा मुलगा मागे पडला आहे, असे मला मुळीच वाटत नाही. पावणेसहा वर्षांचे मूल ज्या रीतीने विचार करते, त्याच रीतीने तो करतो आहे.

झाँ पियाजे (1896–1980) हे स्विस अभ्यासक तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत असताना त्यांचे लक्ष मुलांच्या चुकीच्या उत्तरांकडे गेले, कारण एका वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. पुढे त्यांनी स्वतःच्या तिन्ही मुलांचे बारकाईने निरीक्षण केले, असंख्य मुलांशी गप्पा मारल्या आणि विचारशक्तीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. पहिली दोन वर्षे मूल हाताळून, चोखून, हालचाल करून जग ओळखते. दोन ते सात या काळात भाषा आणि कल्पनेचा खेळ बहरतो, पण तर्क अजून डोळ्यांना दिसणाऱ्या एकाच गोष्टीला चिकटून असतो. सात ते अकराच्या दरम्यान प्रत्यक्ष वस्तूंबाबत तर्कशुद्ध विचार जमू लागतो आणि अमूर्त कल्पनांचा विचार त्यानंतर येतो.

तुमचा मुलगा दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात आहे. ताकाची पातळी उंच दिसते, म्हणून ते जास्त. पेला अरुंद आहे आणि उंचीने वाढलेले रुंदीने कमी झाले आहे, हे दोन्ही एकाच वेळी मनात धरणे त्याला अजून जमत नाही. तुम्ही ओतून दाखवता तेव्हा तुमच्या मनात ते ताक उलट दिशेने पुन्हा वाटीत येऊ शकते. त्याच्या मनात ही उलटी क्रिया अजून होत नाही, त्याला फक्त शेवटचे दृश्य दिसते. ही समज एका दिवसात सगळीकडे येते असेही नाही. मण्यांची रांग लांबवली तरी मणी तेवढेच राहतात हे बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांच्या सुमारास कळते, पाण्याचे वा मातीच्या गोळ्याचे सात-आठच्या सुमारास आणि वजनाचे त्याहूनही उशिरा. शंभरपर्यंत अंक म्हणता येणे ही निराळी गोष्ट आहे. रामरक्षा पाठ असलेल्या मुलाला तिचा अर्थ कळलेला असतोच असे नाही.

नणंदबाईंच्या मुलाची वजाबाकी सरावाने आलेली असू शकते आणि त्यात वाईट काही नाही. त्यालाही एकदा ताकाचा प्रश्न विचारून पाहा, असे सुचवण्याचा मोह मला होतो आहे. पण दिवाळीत तुम्हा सर्वांना एकाच पंगतीत बसायचे असल्यामुळे तो आवरते.

बाईंच्या शेऱ्याबाबत मात्र मला थोडे अधिक लिहायचे आहे. पियाजे यांचे टप्पे पुष्कळसे टिकले असले, तरी त्यांनी दिलेली वये ढोबळ आहेत आणि मुलाचे उत्तर प्रश्न कसा विचारला यावरही अवलंबून असते. 1970च्या दशकात मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल या मानसशास्त्रज्ञांनी स्कॉटलंडमध्ये हेच दाखवले. मोठ्या माणसाने सोंगट्यांची रांग मुद्दाम पसरवून ‘आता कोणत्या रांगेत जास्त आहेत?’ असे विचारले की बरीच मुले चुकत. तीच रांग प्रयोग करणाऱ्याच्या हातातल्या एका खोडकर टेडी अस्वलाने ‘चुकून’ विस्कटली, तर कितीतरी अधिक मुले बरोबर उत्तर देत. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले असावे, असा अर्थ मूल काढते. त्यात तुमच्या मुलाच्या घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि वर्गात इंग्रजी. ‘मोअर’, ‘लेस’, ‘सेम’ हे शब्द त्याला नेमके कळले आहेत का, हे तपासल्यावाचून त्याच्या संकल्पना कच्च्या ठरवणे मला घाईचे वाटते. बाईंना भेटून कोणते प्रश्न, कोणत्या भाषेत विचारले होते एवढे नम्रपणे विचारा आणि तेच प्रश्न घरी मराठीत, खऱ्या वस्तू पुढे ठेवून, एकदाच विचारा. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत शिक्षणाचा सलग टप्पा मानला असून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे, हे त्यांच्याशी बोलताना तुमच्या मनात असू द्या.

चापटीबद्दल स्पष्ट लिहिते. तिने त्याला आकारमान कळणार नाही. मनात आलेले आईला सांगायचे नाही, एवढेच कळेल. ‘मी मारायला नको होते’ असे त्याला जवळ घेऊन सांगा आणि दोन्ही मुलांना एकसारखे पेले द्या. जेवणातले भांडण त्याच दिवशी मिटेल. ओतण्याचे प्रयोग दुपारी मोरीत किंवा गच्चीवर करू द्या. दोन-तीन डबे, एक मापाचा पेला आणि पाणी एवढे पुरे. तो काही म्हणाला की ‘तुला असे का वाटते?’ असे विचारून त्याचे ऐकून घ्या, दुरुस्तीची घाई करू नका. रशियन अभ्यासक लेव्ह विगोत्स्की यांचे म्हणणे असे की मूल आज कुणाच्या मदतीने जे करते ते उद्या एकट्याने करू लागते. तेव्हा ताईलाही या खेळात घ्या, तुमच्यापेक्षा तिचे बोट धरून तो लवकर पुढे जाईल.

चंद्रासाठी एखाद्या पौर्णिमेला सुरसागर तलावावर जा. एका बाजूच्या काठाने तुम्ही आणि तो, दुसऱ्या बाजूने त्याचे बाबा आणि ताई असे चाला आणि भेटल्यावर चंद्र कुणाबरोबर आला ते दोघांनाही सांगू द्या. मुले चंद्राला आपला सोबती समजतात हे पियाजे यांनीही नोंदवून ठेवले आहे. दोघेही ‘माझ्याबरोबर’ म्हणाले की तो गोंधळेल. हा गोंधळ उपयोगाचा आहे. तो लगेच सोडवून देऊ नका.

काळजीची लक्षणे वेगळी असतात. मराठीत सांगितलेल्या दोन-तीन सलग सूचना त्याला कळत नसतील, पूर्ण वाक्ये बोलता येत नसतील, खोटाखोटा खेळ तो कधीच खेळत नसेल, आधी येत असलेले काही आता येईनासे झाले असेल किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वारंवार लक्ष जात नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान व डोळे तपासून घ्या. पत्रात यापैकी काहीही मला दिसले नाही.

राहिला अबॅकस. सात-आठ वर्षांचा झाल्यावर त्याला स्वतःला आवड वाटली तर जरूर पाठवा. सध्या नणंदबाईंना ‘दोन वर्षांनी पाहू’ असे सांगितलेत, तर ते खोटेही होणार नाही आणि त्यांचा मानही राहील.