वाचकांचे प्रश्न : ॲप किती जणांनी घेतलं ते कळलं, पण पुढे काय?

प्रश्न : ताई, मी कर्वेनगरला एका छोट्या संस्थेत काम करते. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांना आम्ही रोज सकाळी मोबाईलवर बाजारभाव आणि हवामान पाठवतो, ॲपपण आहे. पैसे एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्यासाठी कंपन्यांनी खर्चायचा निधी) येतात आणि आता त्यांना इम्पॅक्ट रिपोर्ट हवाय. माझ्याकडे डाउनलोड, मेसेज, ट्रेनिंगची हजेरी असे आकडे आहेत, फोटो तर ढीगभर. सर म्हणतात एवढं पुरे. मला काही पटत नाहीये.

उत्तर : नाहीच पटायला पाहिजे. मेसेज गेले, लोक जमले हे तुम्ही केलेलं काम झालं, ते लिहायचंच, पण त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडले का हे त्यातून अजिबात कळत नाही आणि कंपनीला विचारायचंय ते हेच (निदान असायला तरी पाहिजे, पुष्कळदा त्यांनाही फोटोच हवे असतात).

तुमच्या कामाला अगदी चिकटून असलेला एक अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झालाय. रॉयटर्स मार्केट लाइट म्हणून एक सेवा २००७ मध्ये इथे सुरू झाली होती, भाव, हवामान, पिकाचा सल्ला सगळं एसएमएसवर. फाफशांप आणि मिन्टेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १०० गावं निवडली, काही ठिकाणी शेतकऱ्यांना वर्षभर सेवा फुकट दिली, काही ठिकाणी दिली नाही, आणि मग दोन्हीकडची तुलना केली. २०१२ मध्ये छापून आलं ते असं, की मिळालेल्या सरासरी भावात दखल घ्यावी असा फरक नाही. आता नुसते एसएमएस मोजले असते तर हाच प्रकल्प दणक्यात यशस्वी दिसला असता ना!

उलट केरळमध्ये १९९७ ते २००१ च्या दरम्यान किनाऱ्यावर मोबाईल आले तेव्हा अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सनला दिसलं, की मच्छीमारांचा नफा साधारण ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाईकाला मासे ४ टक्के स्वस्त मिळाले. कारण मासा टिकत नाही, आणि होडीतूनच फोन करून भाव बरा असेल त्या बंदराकडे वळता येतं. तुमच्याकडच्या माणसाने अडत्याकडून आधीच उचल घेतली असेल, गाडी दुसऱ्याची असेल, तर नारायणगावपेक्षा गुलटेकडीला भाव चढा आहे हे सकाळी सहाला कळून तो करणार काय? मेसेज आला, वाचला, त्यावरून काही वेगळं ठरवलं, तसं करता आलं, आणि मग पैसे जास्त मिळाले, एवढ्या पायऱ्या आहेत, आणि नेमकं कुठल्या पायरीवर माणूस अडतोय ते शोधा, रिपोर्टचा खरा ऐवज तोच.

भाव तोंडी विचारू नका, कुणाला नीट आठवत नाही आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणूनही लोक सांगतात. पट्ट्या, म्हणजे अडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या, बघा. शेजारच्या, सेवा नसलेल्या गावांतल्याही पट्ट्या त्याच आठवड्यातल्या घ्या, हे तर फारच महत्त्वाचं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो कुठल्या कुठे गेला होता आठवतंय ना, त्या वर्षी कुठलंही ॲप भारी दिसलं असतं. पुढच्या हंगामात नवीन गावं घेणार असाल तर चिठ्ठ्या टाकून आधी कुठली, नंतर कुठली ते ठरवा आणि सुरू करायच्या आधीची स्थिती लिहून ठेवा. आणि ज्यांनी ॲप काढून टाकलं त्यांना फोन करा. घरात फोन कुणाच्या हातात असतो तेही विचारा, बाई शेतात आणि फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर तुमचा मेसेज कुणाला मिळाला?

कायद्याचं म्हणाल तर २०२१ च्या नियमांनुसार ज्या कंपनीवर तीन वर्षांच्या सरासरीने १० कोटी किंवा जास्त सीएसआरची जबाबदारी आहे तिने १ कोटी किंवा त्याहून मोठ्या, पूर्ण होऊन वर्ष झालेल्या प्रकल्पांचं बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यायचं असतं. तुमचं काम त्याहून लहान असणार. मग थाटमाट नको, चार पानं लिहा पण त्यात जे सापडलं नाही तेही लिहा. सरांना मी सांगितलं म्हणून सांगा.

प्रश्न : २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला पाणी शिरलं तेव्हा आम्ही मित्रांनी मदतीसाठी ऑनलाइन फॉर्म आणि नकाशा केला होता. खूप शेअर झाला. पण उपयोग झाला का ते कसं कळणार? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कात्रज

उत्तर : शेअर विसरा. किती मागण्या आल्या, त्यातल्या किती डबल होत्या, किती ठिकाणी खरंच कुणीतरी पोचलं आणि किती तासांनी, एवढं फॉर्मच्या शीटमधून आणि लोकांना फोन करून निघेल. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर लोक ४६३६ नंबरवर एसएमएस करत, परदेशातले हैतीयन लोक ते भाषांतर करत आणि उशाहिदी नावाच्या ऑनलाइन नकाशावर टाकले जात. जगभर गाजलं. नंतर मूल्यमापनात प्रश्न आलाच, की नकाशा बघून निर्णय घेतले कुणी? काही पथकांनी घेतले, मोठ्या संस्थांच्या रोजच्या कामात मात्र तो फारसा शिरला नाही. तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधीच अग्निशमन दलाला भेटा, त्यांना माहिती कशी हवी ते विचारा. आणि नकाशावर ज्या वस्त्या कोऱ्या होत्या तिथे जाऊन या, तिथे पाणी नव्हतं की फोनला चार्जिंग नव्हतं?

प्रश्न : गावच्या शाळेला टॅब द्यायची इच्छा आहे. फायदा होतो का? – एक निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

उत्तर : नुसत्या टॅबचा, काका, फारसा नाही. पेरूमध्ये तीनशेवर ग्रामीण शाळांपैकी काहींत मुलांना लॅपटॉप देऊन बाकीच्यांशी तुलना केली, गणित आणि भाषेत फरक पडला नाही. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरने मात्र साडेचार महिन्यांत दोन्ही विषयांत चांगली सुधारणा दिसली, तिथे मूल ज्या पायरीवर आहे तिथूनच प्रश्न येत होते, इयत्तेप्रमाणे नाही, आणि सेंटरवर शिकवायला माणूसही होता. पैसे देण्याआधी मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी लेखी मागा : मुलांना आज किती वाचता येतं, टॅबवर नेमकं काय चालणार, आणि बिघडला तर दुरुस्ती कोण करणार.