अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष पदावर असताना पुन्हा निवडून येऊ शकतात का? सहसा येतात का?

हो, येऊ शकतात, पण एकदाच. आणि निवडणुकीला उभे राहिले तर बहुतेक वेळा जिंकतातही. १९५१ साली मंजूर झालेल्या २२व्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही या पदावर दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही. मधे खंड पडला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही, त्यामुळे २०१६ आणि २०२४ मध्ये जिंकलेल्या ट्रम्प यांना तिसऱ्यांदा निवडून येण्याची वाट बंद आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, पण ते या दुरुस्तीच्या आधी.

दुसऱ्या महायुद्धानंतर आयझेनहॉवर, निक्सन, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश आणि ओबामा पदावर असताना दुसऱ्यांदा जिंकले. पदावर असताना हरले ते चौघे: फोर्ड (१९७६), कार्टर (१९८०), थोरले बुश (१९९२) आणि ट्रम्प (२०२०). यातल्या पहिल्या तिघांना आधी स्वतःच्याच पक्षात उमेदवारीसाठी झुंजावं लागलं होतं. फोर्डना रेगननी, कार्टरना एडवर्ड केनेडींनी, बुशना पॅट ब्युकॅनन यांनी आव्हान दिलं. म्हणून माझ्या मते सुरुवातीच्या मतचाचण्यांपेक्षा ही खूण जास्त बोलकी आहे: पक्ष एकदिलाने पाठीशी आहे की घरातच भांडण लागलंय?

अर्थात ही खूण अचूक नाही. २०२० मध्ये रिपब्लिकन पक्ष ट्रम्प यांच्या मागे भक्कम उभा होता, तरी कोरोनाच्या वर्षात ते हरले.