आडनावाच्या गावात आपल्या आडनावाचं एकही घर का सापडत नाही?

तुम्ही लिहिलंय, की तुमचं ‘कर’ लावलेलं आडनाव अगदी मोजक्या लोकांचं आहे, त्याच नावाचं एक लहानसं गाव कोकणात आहे, मुद्दाम रजा काढून तुम्ही तिथे जाऊन आलात आणि अख्ख्या गावात त्या आडनावाचं एकही घर निघालं नाही. मग ते गाव आपलं नव्हेच का? आणि इंदूरला त्याच आडनावाचं एक कुटुंब सापडलंय, ते आपले भाऊबंद समजायचे का?

माझंही आडनाव असंच. ते इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर आमच्या सगळ्या घरांचे पत्तेच दिल्यासारखं होईल, इतके आम्ही थोडे आहोत. पण तुमच्यासारखीच एक फेरी मी बाबांबरोबर केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. देवळाच्या पडवीत गुरव समया घासत बसले होते. बाबांनी चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि मोठ्या अभिमानाने आपलं आडनाव सांगितलं. गुरवांनी हातातली समई खाली ठेवली आणि म्हणाले, “ते तर इथं आम्ही सगळेच. तुमचं आडनाव सांगा.”

बाबांना बोलायलाच सुचेना. जन्मभर ज्या नावाने सह्या केल्या, ते नाव त्या पडवीत आडनाव म्हणून चालत नव्हतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. गावात राहणाऱ्या माणसाला गावाचं नाव लावून काय करायचं? चिपळुणात सगळेच चिपळूणकर. ते नाव कामाला येतं चिपळूण सोडून पुण्याला बिऱ्हाड केल्यावर. नव्या ठिकाणचे लोक विचारतात, हा कोण, कुठला? आणि जे उत्तर मिळतं तेच दोन पिढ्यांनी आडनाव होऊन बसतं. म्हणजे आडनावातलं गाव हे बहुतेकदा सोडलेलं गाव असतं, आणि नाव ठेवलेलं असतं दुसऱ्या गावाने. मागे जे राहिले ते आपल्या जुन्या नावांनीच राहिले. तुमच्या आडनावाचं घर तिथे नसणं हा गाव तुमचं नसल्याचा पुरावा मुळीच नाही. मी तर म्हणेन, तसंच असायला हवं.

होळकरांचंच पाहा. होळ हे नीरेकाठचं गाव. मल्हाररावांचे वडील लहानपणीच गेले, आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे गेली, पुढची सगळी कर्तबगारी माळव्यात झाली. होळ सुटलं म्हणून होळकर हे नाव इंदूरपर्यंत पोचलं.

याहून लांबचा प्रवास बेने इस्रायली लोकांचा. कोकणातले हे ज्यू तेलाच्या घाण्यांवर काम करायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांनी आडनावं घेतली ती रायगडातल्या गावांची: पेणकर, रोहेकर, किहीमकर, आष्टमकर. १९४८ नंतर यातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. तिथल्या दारावर आज रोहेकर अशी पाटी असेल तर तिच्यात रोहा आहे. मला हे फार भारी वाटतं. माणसांनी धर्म सांभाळला, देश बदलला, आणि खाडीकाठचं गाव नावात तसंच बरोबर नेलं.

मात्र सगळीच ‘कर’ आडनावं गाव सोडून झालेली नाहीत. विंचूरकरांचं मूळ आडनाव दाणी. विठ्ठल शिवदेवांना नाशिककडची विंचूरची जहागीर मिळाली आणि ते विंचूरकर झाले, म्हणजे तिथे गाव सुटलेलं नसून मिळालेलं आहे. मंगेशकरांची गोष्ट आणखी वेगळी. घराणं हर्डीकरांचं, मंगेशीच्या देवळातल्या अभिषेकाच्या सेवेमुळे त्यांना अभिषेकी म्हणत, आणि दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं. एका घराची तीन आडनावं! तुमच्या घरातही मागे असं काही झालेलं असू शकतं, हे मनात असू द्या. शाळा, कोर्ट, पलटण यांच्या कागदांवर नाव-वडील-आडनाव असे रकाने आले तेव्हा कुठे आडनावं पक्की झाली. त्याआधी सख्ख्या भावांपैकी एक गावाच्या नावाने तर दुसरा हुद्द्याच्या नावाने ओळखला जाई, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आता एक तपासून घ्या: तुम्ही गेलात ते गाव नक्की तेच होतं ना? ‘कर’ लागताना गावाच्या नावाची शेपटी बऱ्याचदा गळते किंवा मुडपते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष मावळंकर, त्यांचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मावळंगे, ‘गे’ गेलं. तेंडोलीचे तेंडुलकर झाले. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. शाळेत आधी आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर असं झालं. म्हणून आडनावातून ‘कर’ काढलं की गावाचं नाव हातात येतं असं समजू नका. शेवटी ली, वे, गे, णे, शी लावून पाहा. जनगणनेच्या जिल्हावार पुस्तिकांमध्ये तालुक्यागणिक गावांच्या याद्या असतात, त्या बोट ठेवून वाचल्या की एकाच्या जागी तीन गावं समोर येतात. शिवाय खुर्द आणि बुद्रुक आहेच. हे दोन्ही शब्द फारसी, खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, मोठं. आडनावात यातलं काहीच उरत नाही. वडगावकर म्हटलं तर कुठलं वडगाव, हे त्या आडनावाकडे पाहून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

एक उलटी वाटही असते. गावावरून आडनाव न पडता आडनावावरून गाव वसतं. शिंदेवाडी, मानेवाडी ही अशीच. सावंतवाडी हे आधी सुंदरवाडी होतं, सावंतांच्या राज्यामुळे सावंतवाडी झालं. आणि एका नावाने तर दोन्ही वाटा चालल्या आहेत. मालवण तालुक्यातल्या किर्लोस गावावरून किर्लोस्कर. आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली, ती किर्लोस्करवाडी. आज स्टेशनचं नावही तेच आहे. गावाचं आडनाव झालं, आडनावाचं पुन्हा गाव झालं, पण मूळ गाव समुद्राकडे आणि नवं सांगली जिल्ह्यात. जगातल्या सर्वांत उंच शिखराचंही असंच आहे. १८६५ मध्ये त्याला सर्वेक्षण खात्याच्या जॉर्ज एव्हरेस्ट यांचं आडनाव दिलं गेलं, आणि ते आडनाव मुळात फ्रान्समधल्या एव्हरू या गावावरून आलेलं मानतात. तेव्हा गावाच्या नावात तुमचं आडनाव अख्खं दिसत असेल तर आधी कोण, गाव की घराणं, हे विचारायला हवं.

आता इंदूरच्या कुटुंबाबद्दल. इथे मी तुम्हाला सावध करीन, कारण आम्ही स्वतः फसलो आहोत.

बाबांची एक सवय होती. टेलिफोनची नवी डिरेक्टरी घरात आली की ती आधी आमच्या आडनावाच्या पानावर उघडायची. चार नावं असायची, त्यातलं एक आमचंच. उरलेल्या तिघांना त्यांनी कधी ना कधी फोन केला. एका घरी खूप आपुलकीने बोलणं झालं, मूळ गाव एकच निघालं, बाबांचा आवाज चढला. मग पलीकडच्या आजोबांनी विचारलं, “तुमचा देव कोणता?” उत्तरं जुळली नाहीत. जातही वेगळी निघाली. एकाच गावातून वेगवेगळ्या काळात दोन घरं बाहेर पडली होती आणि दोघांना बाहेरच्यांनी एकच नाव दिलं होतं. गावावरून पडलेलं आडनाव रक्ताचं नसतं, वाटेचं असतं. तेच आडनाव ब्राह्मणात, मराठ्यात, भंडाऱ्यात, दलितांत, कोकणी मुसलमानात सापडतं, आणि त्यात कुणीच खोटं नसतं. (बाबांची त्या आजोबांशी पुढे पत्रापत्री राहिली. भाऊबंद नव्हते, गाववाले तर होते.)

म्हणून इंदूरच्या त्या कुटुंबाला आडनावाबद्दल विचारू नका, कुलदैवत विचारा. मग गोत्र किंवा देवक, ज्यांच्यात जे असेल ते. मग तालुका. आणि शेवटी हळूच, की आडनावाआधीचं काही नाव घरातली म्हातारी माणसं घेत असत का. देव आणि जुनं नाव जुळलं तर भाऊबंदकी जवळजवळ नक्की धरा. कुणी कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, छापलं असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या त्याच देवाच्या घराण्यांचेही चाळा.

आणि स्पेलिंगवर विसंबून शोधू नका. रोमन लिपीत ळ नाही, त्यामुळे काळेकर आणि कालेकर एकच दिसतात. शाळेच्या दाखल्यावर ते स्पेलिंग पाहून कुणीतरी परत देवनागरीत लिहितं आणि ळ कायमचा जातो. आमच्या चुलत घराण्याचं असंच झालं. आज ते ल लावतात, आम्ही ळ, आणि नव्या पिढीला आपण एक आहोत हे लग्नपत्रिका पाहून कळतं.

कागद शोधायचे तर तहसील कचेरीत गाव नमुना १४ मागा. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात, जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. जुनी पानं मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस बरोबर असू द्या. पण तिथे आडनाव शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. नोंद असते ‘रामा बिन गणू’ अशी, म्हणजे गणूचा मुलगा रामा. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचं नाव. म्हणून जाण्यापूर्वी पणजोबा, खापरपणजोबांची नावं जितकी मिळतील तितकी जमवा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे ती असतात. तिला आधी विचारा, कागद कुठे पळत नाहीत.

आमच्या गुरवांचं सांगायचं राहिलं. बाबांना आडनाव सांगता येईना, तेव्हा त्यांनी विचारलं, “बरं, घरी गाऱ्हाणं घालताना कुणाचं नाव घेता?” माझे आजोबा गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे मागणं मांडताना, “पिंपळाखालच्या वाघजाई” असं म्हणायचे. आम्हाला वाटायचं, ते असंच, गोड लागतं म्हणून. बाबांनी ते तसंच म्हणून दाखवलं. गुरव उठले, हात पंचाला पुसले आणि वहाळ ओलांडून आम्हाला एका पारापाशी घेऊन गेले. पारावर शेंदूर लावलेली शिळा होती. पिंपळ नव्हता. तो त्यांच्या आज्याच्या वेळी पडला होता, पण देवीला अजून पिंपळाखालचीच म्हणतात. मग त्यांनी तिला मानणाऱ्या घरांची दोन आडनावं घेतली, आणि दुसरं ऐकून बाबा चमकले. आजी रागावली की आजोबांना त्या नावाने हाक मारायची.

तेवढ्या एका नावावर आम्ही पुढे नाशिकला गेलो. तिथल्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. आमच्या आताच्या आडनावाने काहीच निघालं नव्हतं. जुनं सांगितल्यावर उपाध्ये आत गेले आणि लाल कापडात बांधलेली एक लांबट वही घेऊन आले. पणजोबांची नोंद मोडीत होती, खाली सही बाळबोध, थरथरत्या हाताची. त्यात गाव लिहिलेलं होतं, आणि ‘हल्ली मुक्काम’ म्हणून दुसरं गाव. नाव कुठून कुठे गेलं ते एका ओळीत समोर होतं.

रिवाजाप्रमाणे उपाध्यायांनी बाबांचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, “मुलगे?” आम्ही दोघी बहिणी. दुर्मीळ आडनावं अशीच संपतात, एखाद्या पिढीत मुलगे झाले नाहीत की झालं. गाल्टन आणि वॉटसन या इंग्रज अभ्यासकांनी १८७४ मध्ये याचं गणितच मांडलं होतं, आणि ते गणित थोडक्या घरांच्या बाजूने नाही. बाबा म्हणाले, “मुली आहेत. लिहा.” उपाध्ये क्षणभर थांबले, मग त्यांनी दोघींची नावं घातली, आडनाव जुनं आणि नवं दोन्ही, आणि पेन माझ्याकडे दिलं. मी पणजोबांच्या सहीखाली सही केली आहे.

तुम्ही इंदूरला फोन करायच्या आधी घरी गाऱ्हाण्यात किंवा आरतीनंतर कुणाची नावं घेतात, ती कागदावर लिहून काढा, ज्या शब्दांचा अर्थ लागत नाही तेही.